अंकांच्या अंगणांत : एका दाण्याचा फरक

गेल्या अंकांत आम्हीं बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट सांगितली होती. पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जेवढे दाणे होतील तेवढे बक्षीस म्हणून राजाजवळ मागणाऱ्या त्या चतुर पुरुषाची कथा आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं ऐकलेली असेलच. गोष्टीच्या शेवटीं आम्हीं दाण्यांची एकूण संख्या छापली, आणि ती छापतांना आमच्याकडून चूक झाली. आम्हीं १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ असा आकडा दिला. खरा आकडा त्याहून एकानें कमी, म्हणजे शेवटीं ६१५ असलेला आहे.

ही चूक प्रथम पकडली ती आमच्याच घरांत. आमची धाकटी पुतणी यंदा सहावींत आहे. अंक घरीं येऊन प्रहरभरही लोटला नव्हता, तों ती तो हातांत घेऊन आमच्या मेजाशीं येऊन उभी राहिली व म्हणाली, "काका, तुमचा आकडा बरोबर नाहीं. पहिल्या घरांत एकच दाणा आहे आणि बाकीच्या सगळ्या घरांत सम संख्या आहे. मग बेरीज सम कशी येईल?" आम्ही निरुत्तर झालों. चौसष्ट घरांची बेरीज न करतां, कागदही हातीं न घेतां, केवळ सम-विषमाच्या विचारानें तिनें वीस आंकडी संख्या खोटी ठरविली होती.

जेवणाच्या वेळीं ही वार्ता घरभर झाली. तीर्थरूप दादा हंसून म्हणाले, "अरे, एवढ्या डोंगरांत एक दाणा इकडे कीं तिकडे! राजाचें कोठार तेवढ्यानें वांचणार आहे थोडेंच?" थोरल्या वहिनींनींही वाढतां वाढतां दादांचाच पक्ष घेतला. त्यांच्या मतें मापांत दाणा अधिक पडला म्हणून भात बिघडल्याचें त्यांनीं अजून पाहिलेलें नाहीं. पुढें वाचकांचीं पत्रें आलीं, त्यांतही कांहींचा सूर पुतणीचा व कांहींचा दादांचा होता. तेव्हां या महिन्यांत चुकीची नुसती कबुली देऊन न थांबतां, त्या एका दाण्यानें काय होतें तें सविस्तर सांगावें असें आम्हीं ठरविलें आहे.

व्यवहारापुरतें दादांचें म्हणणें खोटें नाहीं. गव्हाच्या हजार दाण्यांचें वजन सुमारें चाळीस ग्रॅम धरलें, तर पटावरील सर्व गव्हाचें वजन सुमारें ७३,८०० कोटी टन भरतें. अलीकडच्या वर्षांत साऱ्या पृथ्वीवर मिळून एका सालांत सुमारें ८० कोटी टन गहूं पिकतो. म्हणजे जगांतील एकाही माणसानें पोळी न खातां सर्व पीक राजाच्या हवालीं केलें, तरी ऋण फिटण्यास नऊशें वर्षांहून अधिक काळ लागेल. आपल्याकडील जुन्या परिपाटीनें एकं, दहं, शतं असें म्हणत गेल्यास भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ंत दिलेलीं स्थानांचीं नांवें परार्धापाशीं, म्हणजे अठराव्या स्थानीं, संपतात. आपली संख्या त्याच्याही पुढें दोन घरें जाते. तिचें वाचन असें : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, निखर्व एकही नाहीं, ७ खर्व, ३ अब्ज, ७ दशकोटि, कोटीचें स्थान रिकामें, आणि शेवटीं ९५ लक्ष ५१ हजार ६१५. एवढ्या राशींत एक दाणा कोण शोधणार?

परंतु संख्या म्हणजे गव्हाची रास नव्हे. राशींतून दाणा काढला तरी रास राहते. संख्येंतून एक काढला कीं ती संख्याच राहत नाहीं, दुसरीच होते, आणि त्या दोघींचे स्वभाव कित्येकदां इतके भिन्न असतात कीं त्या शेजारणी आहेत हें सांगूनही पटूं नये.

प्रथम हा एक कोठून आला तें पाहूं. पटाशेजारीं उभे राहून आपण एक दाणा उसना घ्यावा व तो पहिल्या घरांतील दाण्यांत मिळवावा. दोन झाले. दुसऱ्या घरांतही दोनच आहेत. ते मिळवून चार. तिसऱ्या घरांत चार, मिळवून आठ. याप्रमाणें प्रत्येक घरीं आपल्या हातांतील दाणे व घरांतील दाणे बरोबर सारखे निघतात आणि हातचे दुप्पट होतात. चौसष्ट घरें संपेपर्यंत दुपटीही चौसष्ट झाल्या. आतां उसना दाणा ज्याचा त्यास परत करावा. चौसष्ट वेळां दोनांचा गुणाकार करून आलेल्या संख्येंतून एक वजा, हेंच उत्तर. आम्हीं गेल्या महिन्यांत हा उसना दाणा परत करावयाचा विसरलों, एवढीच आमची चूक.

चौसष्ट दुपटी करण्याचीही गरज नाहीं. दोनांचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि याचा वर्ग केला कीं चौसष्टावी दुप्पट हातीं येते. सहा गुणाकार पुरे. इ. स. १००० च्या सुमारास अल्बेरूनीनें आपल्या कालगणनेवरील ग्रंथांत पटाचें हेंच गणित वर्गांच्या वाटेनें करून एकही अंक न चुकतां उत्तर दिलें आहे. आमच्या पिंगलाचार्यांची रीत तर त्याहूनही पुष्कळ जुनी. छंदाच्या चरणांत प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु असूं शकतें, म्हणून अक्षर वाढलें कीं प्रकार दुप्पट होतात. ते मोजण्यासाठीं सम संख्या आली कीं अर्ध करून वर्ग घ्यावा व विषम आली कीं एक उणा करून दोनांनीं गुणावें, असा मार्ग त्यांच्या छंदःशास्त्रांत सांगितला आहे. हाच मार्ग भास्कराचार्यांनीं श्रेढीच्या गणितांत घेतला. त्यांच्या उदाहरणांतील दाता पहिल्या दिवशीं दोन कवड्या देतो व पुढें रोज दुप्पट देण्याचें वचन देतो. महिन्याभरांत किती निष्क गेले, असा प्रश्न आहे. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. एक लाख निष्कांचा हिशेब करतांना शेवटच्या सहा कवड्या आचार्यांनीं सोडल्या नाहींत, हें दादांनीं लक्षांत घ्यावें! (या कवड्यांत आणखी एक मिळविली तर येणारी संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे एक व ती स्वतः यांवांचून तिला भागणारें कोणी नाहीं. ही गोष्ट ऑयलर यानें १७७२ सालीं सिद्ध केली. पण तें असो.)

आतां आपल्या संख्येचें अंतरंग उघडूं. शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे कीं कोणत्याही संख्येच्या वर्गांतून एक वजा केला, तर बाकी ही त्या संख्येच्या मागच्या व पुढच्या संख्यांचा गुणाकार असते. १६ चा वर्ग २५६. त्यांतून एक गेला, २५५. हे १५ गुणिले १७. आपली संख्याही वर्गांतून एक वजा होऊन आलेली आहे. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार. यांतील पहिली पुन्हां वर्गांतून एक वजा करून झालेली, म्हणून ती ६५,५३५ व ६५,५३७ यांचा गुणाकार. असें पायरी पायरीनें उतरत गेलें कीं शेवटीं हातीं राहतात ते अवयव असे : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. उसना दाणा परत केला नसता तर यांतलें कांहींच घडलें नसतें. शेवटीं ६१६ असलेल्या संख्येच्या पोटीं दोनांवांचून दुसरा मूळ अवयव नाहीं.

या सहा अवयवांची कथा मोठी उद्बोधक आहे. प्रत्येक अवयव हा दोन, चार, सोळा इत्यादि वर्गमालिकेंतील संख्येहून एकानें मोठा. फ्रान्समध्यें तुलूझ येथील न्यायमंडळाचा सभासद पिएर द फेर्मा यानें १६४० सालीं आपल्या एका गणिती मित्रास कळविलें कीं या रीतीनें होणारी प्रत्येक संख्या मूळ संख्या असते अशी आपली खात्री आहे. त्याची खात्री अकारण नव्हती. ३, ५, १७ व २५७ यांविषयीं कोणासही शंका नाहीं. ६५,५३७ ला २५६ पर्यंतच्या चोपन्न मूळ संख्यांनीं भागून पाहिलें कीं तीही निर्दोष ठरते. पांचही साक्षी एकच साक्ष देत आहेत. कोणत्या न्यायाधीशानें अधिक साक्षी मागितल्या असत्या? तरीही फेर्माच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं सिद्धता आपल्या हातीं आलेली नाहीं हें त्यानें स्वतःच लिहिलें होतें.

सहाव्या साक्षीची तपासणी कठीण होती. साध्या रीतीनें पाहावयाचें तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनीं भागावें लागेल. तें काम कोण करणार? जवळ जवळ नव्वद वर्षें कोणी केलें नाहीं. १७२९ सालीं गोल्डबाख यानें पत्राच्या शेवटीं दोन ओळी लिहून तरुण ऑयलरचें लक्ष इकडे वेधलें. ऑयलर त्या वेळीं सेंट पीटर्सबर्ग येथें होता व त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. आरंभीं त्यानें फारसें मनावर घेतलें नाहीं. परंतु १७३२ सालीं त्यानें उत्तर जाहीर केलें : ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या नाहीं. ती ६४१ नें निःशेष भागली जाते व भागाकार ६७,००,४१७ येतो.

ऑयलरनें सहा हजार भागाकार केले नाहींत. या संख्येला कोणी मूळ संख्या भागत असेलच तर तिला चौसष्टांनीं भागून बाकी एकच उरली पाहिजे, हें त्यानें विचारानें ओळखलें. मग उमेदवार फार थोडे उरतात : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पांचव्या भागाकारालाच चोर सांपडला. आणि आम्हांस सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही कीं ऑयलरच्या या विचाराचा पाया फेर्माचाच आहे. मूळ संख्यांच्या बाक्यांविषयींचा तो सिद्धांत फेर्मानें त्याच १६४० सालीं, त्याच मित्रास लिहून कळविला होता. किल्ली त्याच्याच कमरेला होती. किल्ली न वापरतां नुसत्या चिकाटीनें तो २, ३, ५, ७ असे क्रमानें भागाकार करीत बसता, तरी एकशेंसोळाव्या भागाकाराला ६४१ त्याच्या पुढ्यांत उभी राहिली असती. चांगल्या कारकुनाचें तें दोन दिवसांचें काम. पांच साक्षी जुळल्या म्हणून सहावीकडे त्यानें पुरतें पाहिलें नाहीं एवढेंच.

आमच्या पुतणीला आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां तिनें आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें साफ नाकारलें. गेल्या महिन्यानंतर तो अधिकार तिला आलेलाच आहे! तिनें पाटी घेऊन भागाकार केला व बाकी शून्य आली. पण आपल्या वाचकांपैकीं ज्यांस भागाकाराचा कंटाळा असेल त्यांच्यासाठीं पुढील गणितज्ञांनीं बसविलेली एक सुंदर युक्ति येथें देतों. ६४१ म्हणजे ६४० अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, अर्थात् पांचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. आतां दोनाचा अठ्ठाविसावा घात, २६,८४,३५,४५६, घेऊन त्यानें ६४१ ला गुणा. येतात १,७२,०६,७१,२७,२९६. ही संख्या ६४१ नें भागली जाणार हें उघडच आहे. दुसरीकडे ६४० चा चौथा घात घेऊन त्यांतून एक वजा करा. येतात १,६७,७७,२१,५९,९९९. वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमानें हिचे अवयव ४,०९,५९९ व ४,०९,६०१ होत, आणि ४,०९,५९९ म्हणजे ६३९ गुणिले ६४१. तेव्हां हीही ६४१ नें भागली जाते. ज्या दोन संख्या ६४१ नें भागल्या जातात त्यांची वजाबाकीही भागली गेली पाहिजे. वजाबाकी करून पाहा. बरोबर ४,२९,४९,६७,२९७ येईल. हें पहिल्या वेळीं कागदावर जुळून आलें तेव्हां आम्ही कांहीं वेळ तसेच त्या कागदाकडे पाहत बसलों होतों.

६७,००,४१७ हीही मूळ संख्याच आहे. तेव्हां पटावरील दाण्यांचे मूळ अवयव एकंदर सात झाले : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. यांतील कोणता घ्यावा व कोणता सोडावा याच्या जितक्या तऱ्हा, तितके या संख्येचे भाजक. आणि सातांपैकीं प्रत्येकीं घेणें किंवा सोडणें हें सात अक्षरांच्या चरणांत लघु किंवा गुरु योजण्यासारखेंच असल्यामुळें पिंगलाचार्यांच्या हिशेबानें त्या तऱ्हा १२८ होतात. आतां शेजारणींकडे पाहावें. शेवटीं ६१६ असलेली संख्या केवळ दोनांची बनलेली. तिचे भाजक ६५. तिच्या पुढची, ६१७ वाली, ही तर फेर्माच्या मालिकेंतील सातवी संख्या. तिचे अवयव १८८० सालीं लांद्री नांवाच्या ऐंशीच्या घरांतील फ्रेंच वृद्धानें प्रसिद्ध केले : २,७४,१७७ व ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. दोन्ही मूळ, म्हणून तिचे भाजक एक व ती स्वतः धरून अवघे चार. १२८, ६५ व ४. एकमेकींना खेटून असलेल्या तीन घरांत एवढें अंतर! दादांना आम्हीं हें वाचून दाखविलें तेव्हां ते "हं" म्हणाले व सुपारी कातरूं लागले.

पहिल्या पांच अवयवांचा आणखी एक गुण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १७९६ सालीं अठरा वर्षांच्या गाउस यानें दाखविलें कीं केवळ पट्टी व कंपास यांच्या साह्यानें सतरा भुजांची समभुज व समकोन आकृति काढतां येते. ग्रीकांच्या काळापासून जें कोणास सुचलें नव्हतें तें या मुलानें केलें, आणि तें शक्य होण्याचें कारण १७ ही संख्या फेर्माच्या मालिकेंतील मूळ संख्या आहे हेंच. फेर्माचें भाकीत खोटें ठरलें, पण त्याच्या संख्या वायां गेल्या नाहींत. पुढें हेर्मेस नांवाच्या एका जर्मन पंडितानें ६५,५३७ भुजांच्या आकृतीच्या रचनेवर दहा वर्षें घालविलीं. ते कागद गटिंगेन येथें पेटींत जपून ठेवले आहेत. अशा उद्योगास काय म्हणावें तें ज्यानें त्यानें ठरवावें. आम्हांस तर त्या गृहस्थाच्या घरच्या मंडळींची आठवण येते.

पांच साक्षींनंतर पुढें काय झालें? आजपर्यंत सहावी मूळ संख्या या मालिकेंत सांपडलेली नाहीं. पांचांच्या पुढच्या सलग अठ्ठावीस संख्या संयुक्त ठरल्या आहेत, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकारानें बनलेल्या आहेत. त्यांपैकीं दोहोंचा तर एकही अवयव अद्याप कोणाच्या हातीं लागलेला नाहीं, केवळ त्या मूळ नाहींत एवढेंच सिद्ध झालें आहे. एकोणतिसावीविषयीं संगणकही मूग गिळून आहेत. मात्र अठ्ठावीस साक्षी उलट गेल्या म्हणून पुढील सर्वच संयुक्त असतील, असें आतां कोणी गणितज्ञ सिद्धतेवांचून लिहिणार नाहीं.

संगणकाचें नांव निघालेंच आहे म्हणून सांगतों. हल्लींचीं बहुतेक यंत्रें संख्या चौसष्ट खणांच्या चौकटींत ठेवतात. प्रत्येक खणांत शून्य किंवा एक, पुन्हां लघु-गुरूच. ऋणचिन्हाची भानगड नसेल तर त्या चौकटींत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे आपलीच, शेवटीं ६१५ असलेली. चौसष्टही खणांत एक भरलेला. तींत आणखी एक मिळविला कीं प्रत्येक खणांतून हातचा पुढें सरकतो, शेवटचा हातचा ठेवण्यास जागाच उरत नाहीं, आणि चौकटींत सर्वत्र शून्य दिसूं लागतें. आम्हीं गेल्या अंकांत छापलेला आकडा त्या यंत्रांत घातला असता तर राजाचें सारें देणें शून्य दाण्यांवर आलें असतें. हें ऐकून मात्र दादांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

ज्या वाचकांनीं गेल्या महिन्याचा अंक जपून ठेवला असेल त्यांनीं या सदरांतील मोठ्या आकड्याच्या शेवटचा ६ खोडून तेथें ५ करून घ्यावा. आमच्या घरच्या प्रतींत तो अगोदरच तांबड्या पेन्सिलीनें केलेला आहे.